डुकराच्या क्लोनिंगसाठी विद्युत-संमीलन यंत्र: वापरानंतरचे मत

केंद्रक काढलेल्या अंडपेशीत दातापेशी (ज्या प्राण्याची प्रत हवी त्याच्या शरीरातली पेशी) बसवणारा हात कितीही तरबेज असला, तरी पुढच्या काही मायक्रोसेकंदांच्या विजेच्या स्पंदात, म्हणजे त्या दोन पेशी एकजीव करणाऱ्या (संमीलनाच्या) झटक्यात, काम बिघडू शकते. म्हणून दोन समांतर तारांच्या कक्षासह मिळणारे हे यंत्र किती जोड्या जुळवते एवढ्यावरच मी थांबलो नाही. अंडपेशी खरोखर सक्रिय होते का, म्हणजे फलनानंतर लागते तशी विकासाला लागते का, आणि भ्रूण ब्लास्टोसिस्टपर्यंत (रुजण्याआधीच्या पोकळ चेंडूसारख्या अवस्थेपर्यंत) जातो का, हेही पाहिले.

स्पंदाच्या बाबतीत यंत्र विश्वासू आहे. तारांमध्ये 1 मिलिमीटर अंतर असताना 120 व्होल्ट दिले की दर सेंटिमीटरला 1.2 किलोव्होल्टचे क्षेत्र मिळते, आणि डुकराच्या अंडपेशींसाठी 30 मायक्रोसेकंदांचे असे दोन स्पंद ही रुळलेली पद्धत आहे. प्रत्यक्षात किती विद्युत दाब (व्होल्ट) मिळाला हे पडद्यावर दिसते, ही सोय मला फार मोलाची वाटते. कक्ष मात्र नाजूक आहे. पुसताना तार किंचित वाकून अंतर 0.9 मिलिमीटर झाले, तर तेच 120 व्होल्ट 1.33 किलोव्होल्टचे क्षेत्र निर्माण करतात, आणि पडद्यावरचा आकडा मात्र बदलत नाही. अशा वेळी सूक्ष्मदर्शकाखाली अंडपेशीची रेखीव कड पुसट होते, मेदकणांनी गडद असलेला पेशीद्रव पसरून झोनाच्या (अंडपेशीभोवतीच्या पारदर्शक कवचाच्या) आतली मोकळी जागा भरून टाकतो, आणि ती अंडपेशी हातची जाते. दातापेशी आणि अंडपेशी यांना जोडणारी रेषा तारांना काटकोनात आणावी लागते, नाहीतर संमीलन होत नाही. ही जुळवाजुळव सुईने हातानेच करावी लागली.

सोबतच्या माहितीपत्रकात संमीलन आणि सक्रियण एकाच स्पंदात होते असा दावा आहे. पेशी ज्यात ठेवून स्पंद देतात त्या मॅनिटॉल या शर्करेच्या द्रावणात 1.0 मिलिमोलर कॅल्शियम असेल तर तो बऱ्याच अंशी खरा ठरतो; कॅल्शियम 0.1 मिलिमोलरवर आणले, तर संमीलन आधी आणि सक्रियण नंतर, असे वेगळे करण्याकडे वळता येते. पण शुक्राणूने आणलेल्या पीएलसी-झीटा या विकरामुळे अंडपेशीत कॅल्शियमच्या लाटा कित्येक तास उसळत राहतात, तर स्पंदामुळे बहुधा एकच उसळी येते. तेवढ्याने दुसऱ्या अर्धसूत्री विभाजनाच्या मध्यावस्थेत अंडपेशीला थोपवून धरणाऱ्या एमपीएफ या प्रथिन-संकुलाची पातळी खाली आली, तरी ती पुन्हा वर चढू शकते. म्हणून स्पंदानंतर 6-डीएमएपी किंवा सायक्लोहेक्सिमाइड या एमपीएफला वर चढू न देणाऱ्या रसायनांची जोड द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. 5 मार्च 2000 रोजी जन्मलेल्या पहिल्या पाच क्लोन पिलांच्या वेळी पीपीएल थेराप्यूटिक्स या जैवतंत्रज्ञान कंपनीच्या संशोधकांनी केंद्रक दुसऱ्यांदा हलवून नैसर्गिकरीत्या फलित झालेल्या अंडपेशीत ठेवले होते. कृत्रिम सक्रियणाची उणीव भरून काढण्यासाठी केवढा खटाटोप करावा लागला, हे त्यावरून कळते.

यंत्राच्या गुणांची खरी कसोटी पुढच्या दिवसांत लागते. दोन पेशींचा भ्रूण दिसला म्हणून हुरळून जाऊ नये, कारण डुकरात भ्रूणाचा स्वतःचा जीनोम मुख्यत्वे चार पेशींच्या टप्प्यावर जागा होतो आणि तोवरचा कारभार अंडपेशीच्या साठ्यावर चालतो. सहाव्या-सातव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट मोजताना पेशींची संख्याही पाहावी. केंद्रक न काढलेल्या, केवळ स्पंद दिलेल्या अंडपेशींचा गट दर वेळी सोबत ठेवावाच: तो नीट वाढला आणि क्लोन भ्रूण अडले, तर दोष बहुधा यंत्राचा नसून दातापेशीच्या केंद्रकाच्या पुनर्रचनेत (ते भ्रूणाच्या आरंभीच्या अवस्थेला परतण्यात) आहे, आणि तेथे स्क्रिप्टेडसारख्या, डीएनएची गुंडाळी सैल ठेवणाऱ्या हिस्टोन-डिअॅसिटिलेज रोधकाचा विचार करावा.

नियमित क्लोनिंग करणाऱ्या प्रयोगशाळेने हे यंत्र जरूर घ्यावे. केवळ अनिषेकजनित (शुक्राणूविना वाढणारे) भ्रूण हवे असणाऱ्यांचे काम अंडपेशीतले कॅल्शियम वाढवणारे आयोनोमायसिन आणि 6-डीएमएपी यांवर भागते. खरेदी करताना एक जादा कक्ष मागून घ्यावा आणि प्रत्येक सत्रापूर्वी तारांमधले अंतर सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे.