‘घरी येऊन एचएसआरपी बसवून देतो’ म्हणणाऱ्याने २,४०० रुपयांना फसवलं

आधी आकडे सांगतो, कारण आकडेच जास्त बोचतात. एचएसआरपी, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या हाय सिक्युरिटी नंबर पाट्या: कारसाठी १,५०० आणि स्कूटरसाठी ९००, असे एकूण २,४०० रुपये. सरकारी दर जीएसटी धरून कारचा ८७९ रुपये १० पैसे आणि स्कूटरचा ५३१. हे दर मला माहीत होते. तरीही मी दिले.

जून २०२५ ची गोष्ट. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना या पाट्या लावायची मुदत ३१ मार्चची ३० एप्रिल झाली, मग ३० जून. माझी कार २०१४ ची. सरकारी साइटवर बघितलं तर जवळच्या सेंटरची तारीख थेट २४ जुलैची. रोज कानावर दंडाची बातमी. अशात रविवारी सोसायटीत गळ्यात आयकार्ड घातलेला पंचविशीचा मुलगा आला. ‘काका, कॅम्प आहे, घरपोच बसवतो, तीनशे-चारशे जास्त पडतील.’ गेटवर वॉचमनने सोडला होता, शेजारच्यांनी नंबर लिहून दिला होता. मी एकटाच भोळा नव्हतो.

बुधवारी पाट्या हजर! इथेच थांबायला हवं होतं. खरी पाटी बुक करताना चॅसी नंबर आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे भरावे लागतात, कारण पाटी ‘वाहन’ या सरकारी गाडी-नोंदणी यादीतल्या नोंदीशी जोडलेली असते. याने आरसी बघितलंसुद्धा नाही. नुसता गाडीचा नंबर लिहून नेला होता.

आणि त्यानंतरचं तर मला अजून झोपू देत नाही. त्याने पिशवीतून ड्रिल काढलं, पुढच्या बंपरला दोन भोकं पाडली आणि दोन साधे सेल्फ टॅपिंग स्क्रू पिळले. मी चिंचवडच्या कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्सला काढली आहेत. पातळ प्लास्टिकमध्ये मागे ब्रॅकेट किंवा निदान मोठा वॉशर आणि नट नसेल, तर हादऱ्याने स्क्रू सैल पडणारच, हे मला कुणी शिकवायला नको. मी विचारलंही, ‘अरे, मागे आधार? आणि ते स्नॅप लॉक, एकदा दाबलं की न उघडणारं?’ तो म्हणाला, ‘काका, पुढच्या पाटीला लागत नाही.’ मी गप्प बसलो. बायकोची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ चुकत होती, ती लिफ्टपाशी उभी होती. मी यूपीआयने पैसे पाठवले, तेही कुठल्यातरी बाईच्या वैयक्तिक खात्यावर. पावती ‘मोबाइलवर येईल’. जुन्या पाट्या त्याने माझ्याच हातात दिल्या. पावती नाही तर पैसे नाहीत, एवढं तरी तोंडातून निघायला हवं होतं.

अकराव्या दिवशी साताऱ्याला निघालो. आनेवाडी टोलनाक्यावरचा मुलगा म्हणाला, ‘पुढची प्लेट कुठाय?’ उतरून बघितलं. बंपरला एक स्क्रू लटकत होता आणि भोकापासून बोटभर लांब तडा गेला होता. मागची पाटी नीट निरखली, तर अशोकचक्राचा होलोग्राम नखाने सुटणारा स्टिकर निघाला. खाली डावीकडे लेझरने कोरलेला कायमचा क्रमांक असतो, तिथे नुसती छपाई. मी तिथेच रस्त्याकडेला बसलो.

पुढचे दोन आठवडे त्या मुलापेक्षा जास्त संताप सरकारी दारांनी आणला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. तक्रार घेतली, पण पैसे अडवायला अकरा दिवस फार झाले. (फसलात तर त्याच तासात फोन करा, लाज वाटून दिवस घालवू नका. मी दोन दिवस बायकोलाही सांगितलं नव्हतं.) बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी ऐकलं की पाटी हायवेवर पडली, म्हणजे हद्द आमची नाही. अहो, पाटी हरवल्याची नव्हे, फसवणुकीची तक्रार आहे, आणि फसवणूक माझ्या पार्किंगमध्ये झाली! दुसऱ्या खेपेला हवालदार म्हणाले, ‘काका, बनावट पाटी लावून फिरलात, हे उलट तुमच्यावरच येईल.’ आरटीओच्या खिडकीवर उत्तर मिळालं की व्हेंडरकडे, म्हणजे पाट्यांचं कंत्राट असलेल्या कंपनीकडे जा. व्हेंडरची हेल्पलाइन म्हणते, ऑर्डर नंबर द्या. ऑर्डरच नव्हती, म्हणून तर फोन केला! मुदत लादताना सगळे एक होते. सेंटर पुरेशी काढली असती, तर असली पोरं दारात उभी राहिलीच नसती. शेवटी लेखी अर्ज दिला, पोच मागून घेतली. पुढे एक फोनही आलेला नाही.

बंपरला २,३०० गेले. म्हणजे ४,७०० पाण्यात, वर खऱ्या पाट्यांचे १,४१० रुपये १० पैसे वेगळे. २४ जुलैला सेंटरवर बसवणाऱ्याने आधी ब्रॅकेट हलवून बघितला, मग पाटी ठेवून दोन्ही लॉक दाबले. खट्ट, खट्ट. वर एक रुपया मागितला नाही.

आमच्या सोसायटीत त्याच मुलाने अजून नऊ गाड्यांना पाट्या लावल्या आहेत. चौघं मान्य करतात, बाकीचे विषय काढला की निघून जातात. त्यांनी आज रात्री एवढंच करावं: पाटीवर साधा, पेचकसाने फिरणारा स्क्रू दिसतोय का बघावं, आणि होलोग्रामच्या कडेला नख लावावं.