नॅलट्रेक्झोन ५० एमजी: आठ महिने झाले, आमच्या घरचा अनुभव

आमच्या ह्यांना दारू सुटायची ही गोळी चालू होऊन आठ महिने झाले, रोज नाष्ट्यानंतर एक. बऱ्याच जणींनी विचारलं म्हणून लिहितेय, पण गोळीपेक्षा गोळीपर्यंत पोचायला काय काय लागलं तेच जास्त लिहिणार आहे.

हे सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला, मी घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते. सगळ्यात आधी मीच चूक केली. एकीनं दारू सुटायची पुडी दिली, म्हणाली चहात टाक, कळू देऊ नको. चौथ्या दिवशी हे पिऊन आले आणि अर्ध्या तासात तोंड लालबुंद, छाती धडधडायली, उलट्यांवर उलट्या, बनियन घामानं चिंब, मला वाटलं गेला माझा माणूस. डॉक्टर म्हणाले असल्या पुडीत डायसल्फिराम असू शकतं, ते पोटात असताना दारू गेली की असंच होतं, जीव पण जाऊ शकतो, न सांगता द्यायचंच नसतं. त्यानंतर वर्षभर ह्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. स्वतः उठून करायचे. अन् डॉक्टरचं नाव काढलं की भांडण. त्या पुडीनं आमचं एक वर्ष खाल्लं.

मग लोकांचं ऐकून ह्यांनी मनावर घेऊन दारू एकदम बंद केली. तिसऱ्या रात्री हात थरथर, भिंतीवर किडे दिसतायत म्हणाले. रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी अशी एकदम बंद करू नये, फिट येऊ शकते, हे आम्हाला ॲडमिट केल्यावर कळलं. त्याआधी एका व्यसनमुक्ती केंद्रात गेलो होतो तर तीन महिन्यांचे पैसे आधी भरा म्हणाले, डॉक्टर कधी येतात ते काही सांगेनात. मेडिक्लेममध्ये व्यसनाचा उपचार बसत नाही म्हणाले. शेवटी १४४४६ ला फोन लावला, व्यसन सोडायच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, तिथं नीट बोलले.

आता गोळी. आधी लिव्हरची तपासणी केली. पहिला आठवडा मळमळ, डोकं दुखायचं, नंतर गेलं. ह्यावर पिली तर पुडीसारखा त्रास होत नाही, ओढच कमी होते. दोनदा घसरले, पण दुसऱ्यांदा ग्लास अर्धा ठेवून उठून आले, मजाच येईना म्हणाले. डॉक्टर रागावले नाहीत, गोळी चालू ठेवा एवढंच. कोडीनवालं खोकल्याचं औषध किंवा अफूच्या जातीची पेनकिलर चालू असेल तर ही गोळी चालत नाही, आधीच सांगायचं.

गल्लीतल्या मेडिकलात मागायची लाज वाटायची म्हणून मी सात रस्त्यापर्यंत जायची. आणि ओपीडी सकाळची, मागावर खाडा म्हणजे त्या दिवसाचे पैसे गेले, वर मालकाला दरवेळी पोट दुखतंय सांगायचं.

सोमवारी परत तपासणी आहे. ह्यावेळी मालकाला खरं कारण ह्यांनी स्वतः सांगितलं.