मका आणि पर्णरंग तक्ता: भरवसा कुठवर ठेवावा?

भातासाठी तयार झालेला पर्णरंग तक्ता, म्हणजे सगळे ज्याला ‘एलसीसी’ म्हणतात तो, आता मक्यातही वापरतात. प्लास्टिकची साधी पट्टी. तिच्यावर फिकट पोपटीपासून गर्द हिरव्यापर्यंतच्या छटा, आणि पानाच्या शिरांसारख्या उभ्या रेषा. मक्याला नत्राची (नायट्रोजनची) गरज आहे का, हे ती चांगलं सांगते. पण मका पिवळा का पडला, हे तिला विचारू नये. इथेच गल्लत होते आणि युरिया वाया जातो.

आधी वापराची पद्धत. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने मक्यासाठी ५ क्रमांकाची छटा धरली आहे. पेरणीनंतर २१ दिवसांपासून दर १० दिवसांनी १० झाडं बघायची. पोंग्यातलं कोवळं पान घ्यायचं नाही. वरून पहिलं पूर्ण उघडलेलं पान घ्यायचं, म्हणजे ज्याचा खोडाजवळचा सांधा स्पष्ट दिसतो ते. पान तोडू नका. सकाळी, उन्हाकडे पाठ करून, स्वतःच्या सावलीत पानाचा मधला भाग पट्टीवर ठेवा. मध्यशीर पांढरट असते, ती सोडून शेजारचा रंग जुळवा. १०पैकी ६ पानं ५ क्रमांकापेक्षा फिकट निघाली तर एकरी २५ किलो युरिया. कणसाला केस फुटू लागले की थांबायचं. लष्करी अळीने कुरतडलेली झाडं मोजणीत धरू नका.

आपल्याकडची नेहमीची शिफारस हेक्टरी १२०:६०:४० किलो नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) अशी आहे. नत्र तीन हप्त्यांत, म्हणजे दर हप्त्याला एकरी साधारण ३५ किलो युरिया. यात तारखा ठरलेल्या असतात, पण पाऊस ठरलेला नसतो. हलक्या जमिनीत एका जोरदार पावसाने नत्र मुळांखाली वाहून जातं आणि भारी जमिनीत अजून शिल्लक असतं. अशा वेळी तक्त्याचा खरा उपयोग होतो.

आता उणिवा. चार छटांच्या तक्त्यात क्रमांक २ ते ५ असतात, म्हणजे ५ ही शेवटची, सर्वात गर्द छटा. त्यामुळे मका जेमतेम पुरेसा हिरवा आहे की गरजेपेक्षा जास्त, हे कळत नाही. मक्यासाठी सहा छटांचा घ्यावा. झेरॉक्स किंवा मोबाइलच्या पडद्यावरचा फोटो अजिबात चालत नाही, कारण छटा बदलते. ट्रॅक्टरच्या टपावर उन्हात राहिलेला तक्ता फिका पडतो आणि मग फिकट पानही हिरवंगार भासतं.

सर्वात मोठी अडचण मात्र वेगळी आहे. तक्ता वरचं पान बघतो, तर नत्राची उपासमार आधी खाली दिसते. झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना पुरवतं, म्हणून खालच्या पानाच्या टोकापासून मध्यशिरेलगत इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात पिवळेपणा आत सरकतो. तेव्हा पट्टी काढण्याआधी वाका आणि खालची दोन पानं बघा. तिथे पिवळेपणा मधून न येता कडांनी येत असेल, कडा करपत असतील, तर तो पालाशाचा प्रश्न.

खालची पानं हिरवी आणि वरचीच फिकट असतील तर युरियाला हात लावू नका. मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना, पानाच्या बुडाकडच्या अर्ध्या भागात रुंद पांढरट पट्टे आणि कांडी आखूड, ही जस्ताची कमतरता. शिरा हिरव्या राहून मधला भाग पानभर पिवळा, तर लोह. नवी पानं सरसकट फिकी, अस्पष्ट रेषांची, तर गंधक. चुनखडीच्या, ८च्या वर सामू (पीएच) असलेल्या काळ्या जमिनीत जस्त आणि लोह हे नेहमीचेच. या तिन्हींत तक्ता ‘फिकट’ एवढंच दाखवतो.

जस्तासाठी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम विरवलेल्या चुन्याची निवळी, अशी फवारणी करा. चुना नसेल तर पानं भाजू शकतात. पुढच्या हंगामात एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून जमिनीत द्या. डीएपी या स्फुरदयुक्त खतात मिसळू नका. स्फुरदाशी बांधलं गेलं की जस्त पिकाला मिळत नाही.

थंडीत रोपं जांभळी पडली तर तक्त्याचा उपयोग शून्य. त्यात स्फुरदाची कमतरता असू शकते, नुसती थंडीही असू शकते, आणि काही संकरित वाणांचा तो रंगच असतो. पाणी साचून पिवळा पडलेला मकाही मोजू नका. आधी चर काढा, वाफसा येऊ द्या, म्हणजे जादा पाणी निघून जमिनीत हवा खेळू द्या, मग आठवडाभराने पट्टी लावा.

वाणागणिक मूळ हिरवेपणा बदलतो, म्हणून शेताच्या एका कडेला चार ओळींना नत्र थोडं जास्त द्या आणि खूण करून ठेवा. उरलेलं शेत ५ क्रमांकाला उतरत नसेल, पण त्या ओळींइतकंच हिरवं असेल, तर तो हप्ता थांबवायला हरकत नाही.