जिलाँगची मागची फळी : आधी स्कार्लेट पाहावा की एनराइट?

ऑस्ट्रेलियात येऊन फूटीचे, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचे, दोनचार हंगाम पाहून झाले, की आपल्या मंडळींपैकी काहीजणांना बॉलच्या मागे डोळे पळवण्याचा कंटाळा येतो. मागच्या फळीत उभी असलेली माणसं नेमकं काय करतात, हे कळून घ्यावंसं वाटतं. माझ्या मते त्यावर उपाय एकच. एका बचावपटूची कारकीर्द निवडायची आणि त्याचे जुने सामने पहिल्या बाउन्सपासून शेवटच्या भोंग्यापर्यंत पाहत जायचे. हायलाइट्स नकोत.

पण कोणाची निवडायची? मी जिलाँगमध्ये राहतो, तेव्हा माझ्या यादीवर फारसा विश्वास ठेवू नका. रिचमंडवाला अ‍ॅलेक्स रान्सचं नाव घेईल, कार्लटनवाला स्टीव्हन सिल्व्हाग्नीचं, आणि दोघांशीही माझं भांडण नाही. तुलनेला सोयीची जोडी मात्र मॅथ्यू स्कार्लेट आणि कोरी एनराइट यांच्यासारखी दुसरी नाही. क्लब एकच. 2007, 2009 आणि 2011 ची अजिंक्यपदं तीच. दोघेही सहा-सहा वेळा ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे त्या हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात. त्यामुळे ‘त्याचा संघ चांगला होता हो’ ही सबब इथे कोणाच्याच कामाची नाही.

दोघं क्लबात आले ते अगदी वेगळ्या दारांनी. स्कार्लेट घरचाच, वडील जॉन स्कार्लेट जिलाँगकडून खेळलेले, आणि मुलगा ‘फादर-सन’ नियमाने आत आला. पहिला सामना 1998 चा, शेवटचा हंगाम 2012 चा, एकूण 284 सामने. एनराइट साउथ ऑस्ट्रेलियातल्या किंबा नावाच्या गव्हाच्या गावचा. 1999 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याचं नाव 47 व्या क्रमांकावर पुकारलं गेलं. त्याच ड्राफ्टमध्ये जिलाँगने जोएल कोरी, पॉल चॅपमन आणि कॅमेरून लिंग यांनाही उचललं होतं, त्यामुळे या पोराकडे तेव्हा कोणाचं फार लक्ष गेलं नसणार. 2001 ते 2016 मध्ये त्याने 332 सामने खेळले. निवृत्त झाला तेव्हा तो क्लबचा विक्रम होता. पुढे जोएल सेलवूड आणि टॉम हॉकिन्स त्याच्यापुढे गेले.

स्कार्लेटच्या बाजूने बोलायचं तर बोलण्यासारखं पुष्कळ आहे. फुल-बॅक म्हणजे आपल्या गोलसमोरचा शेवटचा बचावपटू, आणि त्याचं काम म्हणजे समोरच्या संघाचा सर्वांत धोकादायक माणूस अंगावर घेणं. त्याच्या काळात ती माणसं म्हणजे मॅथ्यू लॉइड, ब्रेंडन फेव्होला, बॅरी हॉल. यातल्या एकालाही दुपारभर सांभाळायचं म्हणजे गंमत नव्हे. पण स्कार्लेट नुसता सांभाळत नसे. बॉल हातात आला की त्या माणसाला तिथेच सोडून तो पुढे पळायचा, आणि मग फॉरवर्डलाच त्याच्या मागे धावावं लागायचं. जुन्या पठडीतला फुल-बॅक मुठीने बॉल उडवून मोकळा व्हायचा. स्कार्लेट तिथून हल्ला सुरू करायचा. 2003 मध्ये क्लबचा सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. हा मान एरवी मिडफिल्डवाल्यांच्याच घरी जातो. त्यात स्वभाव तिखट. 2012 च्या पहिल्याच सामन्यात फ्रीमँटलच्या हेडन बॅलंटाइनला ठोसा हाणून त्याने तीन सामन्यांची बंदी ओढवून घेतली. असा माणूस पाहायला कोणाला आवडणार नाही?

आता माझी तक्रार. ती स्कार्लेटबद्दल नाही, कॅमेऱ्याबद्दल आहे.

फूटीचं मैदान अवाढव्य आणि कॅमेरा बॉलचा गुलाम. बॉल मध्यावर असतो तेव्हा फुल-बॅकची खरी लढाई ऐन भरात असते. फॉरवर्ड एक पाऊल पुढे टाकतो, थांबतो, पुन्हा सुटतो. फुल-बॅक त्याच्या आतल्या अंगाला राहायचं की मागे, खांद्याने किती रेटायचं, गोलकडे पाठ कधी करायची, हे ठरवत असतो. आणि पडद्यावर यातलं काही नाही! पडद्यावर मध्यावरची झोंबाझोंबी. मग कोणीतरी लांब किक मारतो, कॅमेरा गर्रकन वळतो, चारपाच जण हवेत दिसतात, एक मूठ बॉलवर आदळते आणि समालोचक स्कार्लेटचं नाव घेतो. झालं. शेवटचे दोन सेकंद तेवढे आपल्या वाट्याला येतात. कबड्डीत टीव्हीवर अख्खं अंगण दिसतं, म्हणून चढाईपटू आत शिरण्याआधी डाव्या कोपऱ्यातल्याचे पाय कसे सरकतात ते घरबसल्या शिकता येतं. इथे तो कोपराच चौकटीबाहेर.

मी किती संध्याकाळी चिडून रिमोट ठेवून दिला असेल. आकडेवारीकडे वळलो तर तीही तशीच. किती स्पॉइल केले, म्हणजे मुठीने बॉल किती वेळा उडवला, ते छापून येतं. पण ज्या फॉरवर्डवर याने अशी सावली धरली की त्याच्याकडे किक मारण्याचा विचारच मिडफिल्डवाल्याने सोडला, ती किक कुठल्याच रकान्यात नसते. स्कार्लेटचा सर्वांत प्रसिद्ध क्षण कोणता, ते आठवून पाहा. 2009 ची ग्रँड फायनल, सेंट किल्डाविरुद्ध, शेवटचा क्वार्टर, गुण बरोबरीत. बॉल जमिनीवर. स्कार्लेटने वाकून उचलण्यात वेळ घालवला नाही, बुटाच्या टोकाने ढकलून तो गॅरी अ‍ॅब्लेटकडे दिला. अ‍ॅब्लेटची लांब किक, पुढे ट्रॅव्हिस व्हार्कोचा हात लागून बॉल चॅपमनकडे आणि गोल. सामना 12 गुणांनी जिंकला. पण हे घडलं मैदानाच्या मधोमध, म्हणजे जिथे कॅमेरा होता तिथे. फुल-बॅकची अख्खी कारकीर्द आणि लोकांच्या लक्षात राहिलाय तो गोलपासून दूरचा एक क्षण, यावरून काय ते समजा.

एनराइटच्या बाबतीत हीच अडचण निम्म्याने कमी होते. तो बॅक पॉकेट आणि हाफ-बॅकवर, म्हणजे फुल-बॅकच्या बाजूला आणि त्याच्या पुढच्या ओळीत, खेळायचा. आपल्या माणसाला धरून असायचा, पण बॉल कुठे पडणार हे त्याला जरा आधी कळायचं, आणि मग माणूस सोडून तो बॉलच्या वाटेत येऊन उभा राहायचा. म्हणजे कॅमेरा बॉलमागे गेला तरी हा चौकटीत सापडतोच. त्याला ‘बोरिस’ म्हणत. पडद्याच्या कडेने तो आत येताना दिसला की मी सामना मागे नेतो. आला कुठून? कोणाला सोडून आला? सोडलेला माणूस मग कोणी उचलला, अँड्र्यू मॅकीने की हॅरी टेलरने? या तीन प्रश्नांत मला बचावाबद्दल जेवढं कळलं, तेवढं समालोचकांच्या बडबडीतून कधी कळलं नाही. अर्थात हा माझा अनुभव. ज्यांनी लहानपणापासून हा खेळ खेळलाय त्यांना कॅमेऱ्याबाहेरचंही डोळ्यांपुढे येत असेल.

एनराइटमध्ये भपका नाही, हे मान्य करायला हवं. उंच उडी नाही, ठोसे नाहीत, सोपी किक सोडून अवघड किक मारण्याची हौस नाही. पहिल्या सामन्यात कदाचित तुम्हाला तो दिसणारही नाही. पण 2009 आणि 2011 या दोन्ही अजिंक्यपदाच्या वर्षी जिलाँगने आपल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला दिला. 2009 च्या संघात तर त्याच वर्षीचं, लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक जिंकलेला अ‍ॅब्लेट होता. आतल्या लोकांना काय दिसत होतं, ते यावरून कळतं.

नियम समजून घ्यायचे असतील तर मात्र पारडं स्कार्लेटकडे झुकतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. 2007 पासून मार्कच्या, म्हणजे किकचा बॉल हवेत झेलण्याच्या, झटापटीत समोरच्याच्या पाठीवर हात ठेवला तरी फ्री किक जाऊ लागली; 2019 मध्ये हा नियम सैल झाला. त्याचा सर्वाधिक जाच अंगाला अंग लावून खेळणाऱ्यांना झाला. स्कार्लेटचे त्याआधीचे आणि नंतरचे सामने शेजारी ठेवले तर हातांची जागा बदललेली दिसते; अर्थात तो चौकटीत असेल तेव्हा. 2008 च्या ग्रँड फायनलमध्ये हॉथॉर्नने 11 वेळा मुद्दाम बॉल आपल्याच गोलरेषेपलीकडे नेऊन जिलाँगला एकेक गुण देऊन टाकला आणि सामना 26 गुणांनी जिंकला. पुढच्याच वर्षी मुद्दाम केलेल्या रश्ड बिहाइंडवर बंदी आली. हा बदल दोघांच्याही कारकिर्दीत पडतो, त्यामुळे इथे कोणीही चालेल.

शेवटची वर्षं पाहायची तर माझ्या मते एनराइटच. 2011 नंतर भोवतीचे जुने सोबती एकेक करून गेले, नवी पोरं आली, आणि हा मागे उभं राहून त्यांना जागा दाखवत राहिला. निवृत्तीच्या वर्षी, 2016 मध्ये, वयाच्या 34 व्या वर्षी तो पुन्हा ऑल-ऑस्ट्रेलियन संघात होता. पाय मंदावले तरी काय शिल्लक राहतं, ते त्या हंगामात पाहावं.

सुरुवात 2007 च्या ग्रँड फायनलपासून करू नका. जिलाँगची 44 वर्षांची प्रतीक्षा तिथे संपली खरी, पण पोर्ट अ‍ॅडलेडला 119 गुणांनी धुतलं त्या दिवशी मागच्या फळीला फारसं कामच नव्हतं. 2009 ची घ्या. थंड, ओला दिवस, निसटता बॉल आणि वरचेवर चालून येणारा सेंट किल्डा. पहिल्यांदा नुसता सामना म्हणून पाहा, दुसऱ्यांदा फक्त एनराइटवर डोळा ठेवून.

आणि स्कार्लेटच हवा असेल तर रेकॉर्डिंगच्या भरवशावर राहू नका. कार्डिनिया पार्कला, म्हणजे जिलाँगच्या घरच्या मैदानावर, सामन्याच्या दिवशी गोलच्या मागच्या बाजूचं तिकीट काढा. तिथून आताच्या फुल-बॅकचे पाय अख्खा क्वार्टर दिसतात, आणि शेजारी एखादा पिकल्या केसांचा जिलाँगकर हमखास असतो. त्याला विचारा, की स्कार्लेट इथे नेमका कुठे उभा राहायचा. तो हात करून दाखवेल, आणि मग सामना संपेपर्यंत तुमची सुटका नाही.