फोटोमॅटिक्स प्रो : काही महिन्यांच्या वापरानंतर

एचडीआर (कमी-जास्त उजेडाच्या अनेक फ्रेम जुळवून एक फोटो करणं) म्हटलं की भडक रंग आणि काजळी फासलेले ढग आठवतात. फोटोमॅटिक्स हे एचडीआरचं सॉफ्टवेअर त्यासाठीच बदनाम आहे. पण ते रूप मुख्यतः ‘डिटेल्स एनहान्सर’ या एका पद्धतीचं. सॉफ्टवेअरमध्ये ‘एक्स्पोजर फ्यूजन’ ही दुसरी पद्धतही आहे आणि तिचे फोटो बरेच साधे, खरे दिसतात.

कार्ल्याचं चैत्यगृह घ्या. आत मिट्ट सावली, छताला लाकडी फासळ्या, समोर लख्ख पिंपळपानी गवाक्ष. इथे −२, ०, +२ अशा तीन फ्रेम सहसा अपुऱ्या पडतात. २ स्टॉपच्या अंतराने ५ घ्याव्यात (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). ॲपर्चर एफ/८, फाइल रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), फोकस मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स ठरावीक. सर्वांत गडद फ्रेममध्ये गवाक्षाबाहेरचं झाड दिसायला हवं, सर्वांत उजळ फ्रेममध्ये फासळ्या. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत परवानगीशिवाय ट्रायपॉड चालत नाही, म्हणून कॅमेरा हातात धरून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवावा लागतो. सॉफ्टवेअरचं अलाइनमेंट सरकलेली फ्रेम जुळवतं. हात हलून पुसट झालेली फ्रेम ते सुधारू शकत नाही. पर्यटक फिरत असतील तर ‘सिलेक्टिव्ह डीघोस्टिंग’मध्ये त्यांच्याभोवती रेघ ओढून तो भाग एकाच फ्रेममधून घ्यावा.

आता डिटेल्स एनहान्सर. ‘स्ट्रेंग्थ’ला सगळे दोष देतात, पण खरी कळ ‘लायटिंग ॲडजस्टमेंट्स’मध्ये आहे : उजवीकडे नैसर्गिक, डावीकडे चित्रासारखं अद्भुत. डावीकडे गेलं की प्रत्येक भागाचा उजेड आजूबाजूच्या मानाने ठरतो, म्हणून खांबांच्या कडांना पांढरी प्रभावळ येते आणि आकाश राखाडी पडतं. ‘स्मूथ हायलाइट्स’ वाढवलं की दोन्ही कमी होतं. दगडाचा पोत हवा असेल तर ‘डिटेल कॉन्ट्रास्ट’ थोडा वाढवा, सॅच्युरेशन मात्र उतरवा. मग ‘ब्लॅक पॉइंट’ वाढवून थोडी सावली काळीच राहू द्या. आतली भिंत खिडकीबाहेरच्या आकाशाइतकी उजळ झाली की फोटो खोटा वाटणारच.

अंधाऱ्या भागातला नॉइज (फोटोतले बारीक दाणे) डिटेल्स एनहान्सरमध्ये फार उठून दिसतो; फ्यूजनमध्ये तो कमी.

फक्त बाहेरची निसर्गचित्रं काढणाऱ्यांनी हे विकत घेऊ नये. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरचं एचडीआर मर्ज १६ बिट फ्लोटिंग पॉइंटची डीएनजी (रॉसारखीच, उजेडाचा मोठा पल्ला साठवणारी फाइल) देतं, तिच्यात तेवढं काम भागतं. खोल्या, मंदिरं, लेणी हाच विषय असेल तर आधी ट्रायल उतरवून पाहा. तिच्यातल्या फोटोंवर वॉटरमार्क येतो, पण स्लायडर पारखायला ती पुरते.