काम दोन दिवसात मिळते, पण सात महिन्यांपुरतंच (नागपूरजवळची हिंगणा एमआयडीसी, लेबर एजन्सीचा अनुभव)

स्टार 2. एक काम पटकन लावून देतात त्याचा, अन् एक ऑफिसातल्या ताईसाठी, त्या तरी नीट बोलतात. नाव लिहीत नाही, अजून तिथूनच पोट भरून राहिलो.

मी आयटीआय फिटर. आधी चांगलं सांगतो. आधार, पासबुक, सर्टिफिकेट अन् दोन फोटो घेऊन सोमवारी गेलो, बुधवारी सेकंड शिफ्टला प्रेस मशीनवर उभा होतो. स्वतः गेटोगेट फिरलो असतो तर चपला झिजल्या असत्या, कारण परमनंटची भरती म्हणजे काय ते मी अजून पाहिलंच नाही बावा.

आता बाकीचं. सात महिने झाले की ब्रेक. काहून, तर वर्षात 240 दिवस भरले की परमनंट करा म्हणून मागता येते, म्हणून ते भरूच देत नाहीत. महिना-दीड महिना घरी बसा, मग नवीन जॉइनिंग, तोच गेट तेच मशीन, फक्त टोकन नंबर वेगळा. माझं हे तिसऱ्यांदा चालू आहे.

शेजारच्या मशीनवरचे काका परमनंट आहेत. काम सेम टू सेम, त्यांच्या हातात 34 हजार, माझ्या हातात 13,800. कंत्राटी कामगारांचा 1970 चा कायदा होता (2025 मध्ये त्याच्या जागी नवीन लेबर कोड आला), त्याच्या नियमांत सारख्या कामाला सारखा पगार लिहून ठेवला होता, हे एजन्सीत बोललो तर म्हणे तुझं डेझिग्नेशन हेल्पर आहे. म्हणजे कागदावर मी माल उचलतो, डाय (प्रेसचा साचा) मग भूत बसवते!

पीएफचं तर विचारूच नका. स्लिपमध्ये 12 टक्के कटिंग दर महिन्याला बरोबर दिसते, पासबुक पाहिलं तर चार महिने कोरे, अन् दुसऱ्या जॉइनिंगला माझा नवीनच यूएएन (पीएफचा नंबर, तो एकाचा एकच राहायला पाहिजे) काढून ठेवला. दोन नंबर एक करायला तीन चकरा झाल्या, प्रत्येक चकरेला एक खाडा.

पण मला जास्त खटकते ते वेगळंच. डाय सेटिंगमधली बारकी गोष्ट काका शिकवत नव्हते. एकदा चहावर सरळ बोलले, "तू सात महिन्यात जाशील बे, मी दर वेळी नव्याला कितीक शिकवू?" खरंच आहे त्यांचं. ब्रेकनंतर नवीन पोरं येतात त्या पंधरवड्यात रिजेक्शनचा डबा काठोकाठ भरते अन् सुपरवायझर ओरडत फिरते. कंपनीला वाटते पगार वाचला, अन् तोच पैसा भंगारात चालला, हे कोणी जोडून पाहतच नाही. इकडे आम्ही बाजारात काय घेणार? गाडीचं लोन मागायला गेलो तर बँकेनं विचारलं सलग एक वर्षाची नोकरी दाखव. नाही दाखवता आली, गाडी राहिली शोरूममध्येच.

माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. नागपुरातली टाटांची कापडाची मिल, 1877 ची. तिथे 1886 मध्ये पेन्शन फंड अन् 1895 मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली होती, भरपाईचा सरकारी कायदा तर 1923 मध्ये आला, म्हणजे मालकाने आधीच केलं. मिलमध्येही सगळं गोड नव्हतं, आजोबांचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. पण एका पगारावर दोन आत्यांची लग्नं अन् घराचा स्लॅब झाला. 2002 मध्ये मिल बंद पडली, आता तिथे मॉल आहे. मागच्या ब्रेकमध्ये तिथे सिक्युरिटीचं काम आहे का विचारायला गेलो, तर तेही एजन्सीतर्फेच!

नवीन जाणाऱ्यांनी जॉइनिंग लेटरवरचं डेझिग्नेशन सहीच्या आधी वाचा, अन् पासबुक दर महिन्याला बघा.

परवा ताईंचा फोन आला होता. सोमवारी ये म्हणे, दोन फोटो घेऊन.