झिंक: ताटातून की गोळीतून?

वारंवार सर्दी होणाऱ्या एका मैत्रिणीचा प्रश्न: झिंकची गोळी सुरू करू की आहारच सुधारू?

काम दोन्हींचं एकच. टी-पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तयार व्हायला आणि पक्व व्हायला झिंक लागतं. शरीरात त्याचा वेगळा साठा नसतो, त्यामुळे ते नियमित मिळावं लागतं.

शोषणात गोळी पुढे. मांस-मासे खाणाऱ्यांना फारसा फरक पडत नाही, पण डाळी आणि धान्यांतलं फायटेट नावाचं नैसर्गिक द्रव्य झिंकला धरून ठेवतं, शोषू देत नाही. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी फायटेट कमी होतं. म्हणजे थोडी मेहनत आलीच.

सुरक्षिततेत मात्र आहार सरळ जिंकतो. प्रौढांची रोजची गरज साधारण 8 ते 11 मिलिग्रॅम, वरची मर्यादा 40. काही गोळ्यांत एकट्या 50 असतात! असा डोस महिनोन्महिने घेतला तर तांब्याचं शोषण घटतं, पांढऱ्या पेशी कमी होतात, आणि जी प्रतिकारशक्ती वाढवायला निघालो तीच खालावते. रिकाम्या पोटी मळमळ होते ती वेगळीच. शिवाय टेट्रासायक्लिनसारख्या अँटिबायोटिकसोबत गोळी घेतली तर औषधाचंच शोषण कमी होतं.

धडधाकट माणसाला आहार पुरे. गरजेपेक्षा जास्त झिंकने प्रतिकारशक्ती दुप्पट होत नाही. गोळी कमतरता असलेल्यांसाठी, आतड्याच्या आजारात शोषण बिघडलेल्यांसाठी, तीही डॉक्टरांनी ठरवलेल्या मुदतीपुरती. जुलाब झालेल्या लहान मुलांना 10 ते 14 दिवस झिंक देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाच करते. मैत्रिणीला म्हटलं, आधी कडधान्यं भिजत घाल.